चुंबक, कोठार आणि हमाल

‘चुंबकामुळे यंत्रातली ऊर्जा साठते आणि कंपनही कमी होते’ असं वाक्य हल्ली फार ऐकू येतं. आज आपण त्याचीच चिकित्सा करू. आमची हरकत त्यातल्या ‘आणि’ला आहे.

आपल्या माणगावात भातगिरणी कुणाला नवी नाही. समजा, गिरणीच्या बुडाशी रबराऐवजी सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून चुंबक बसवले. यंत्र खाली दबलं की चुंबक जवळ येतात, ऊर्जा साठते. पुढच्याच क्षणी ते यंत्राला वर ढकलतात. घेतलेलं परत! बैठक नीट जुळवली तर जमिनीला हादरा कमी बसतो, हे मान्य. पण यंत्र हलायचं थांबत नाही.

कंपन मारायचं तर ऊर्जा जिरवावी लागते. जुना वीजमीटर आठवा. त्यातली ॲल्युमिनियमची चकती कायम चुंबकाच्या फटीतून फिरायची. फिरताना तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठत आणि तिलाच अडवत. वेग वाढला की अडवणूकही तेवढीच वाढे, म्हणून तर युनिटं बरोबर मोजली जात. या तत्त्वावर कंपनशामक बनतात, आणि चांगले बनतात. पण इथे ऊर्जेची उष्णता होते. जिरलेलं धान्य कणगीत सापडत नाही.

कुणी म्हणेल, तारेचं वेटोळं लावून कंपनाची वीज करू, बॅटरीत भरू. जरूर करावी, कंपनही थोडं उतरेल. पण तिथे कोठार म्हणजे बॅटरी. चुंबक नुसता हमाल. आमच्या शास्त्राच्या भाषेत तो निमित्तकारण. कुंभारावाचून मडकं होत नाही, म्हणून काही मडक्यात कुंभार नसतो! आणि ती वीज मुळात आली कुठून? गिरणीवाल्याच्याच मोटरमधून, त्याच्याच बिलातून. ती वाया जाऊ नये असं वाटत असेल तर आधी झिजलेलं बेअरिंग बदलावं, पुलीचा तोल पाहावा.

भास्कराचार्यांनीही ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय, पोकळ आऱ्यांत पारा भरून. एवढ्या मोठ्या गणितीलाही तो मोह पडला. पाऱ्याच्या जागी चुंबक आला, तरी हिशेब तोच.

तेव्हा असं यंत्र विकायला कुणी आलं तर गिरणीवाल्यानं एवढंच सांगावं: तेच भात, तेवढंच वजन, बसवण्याआधी एकदा नि नंतर एकदा भरड, आणि दोन्ही वेळचं मीटरचं रीडिंग माझ्यासमोर लिही.