यात्रिकाचें ओझें

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी एक वही घेऊन आमच्याकडे आला. तो शिरूरला एका शाळेंत शिकवितो आणि रविवारीं तेथल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलांना जमवून गोष्टी सांगतो. वहींत जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' ह्या रूपककथेचें, बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीं केलेलें, नवें मराठी रूप होतें. "छापण्यापूर्वीं वाचा, सर, आणि भीड ठेवूं नका," एवढेंच तो म्हणाला. वही अजून छापलेली नाहीं, म्हणून तिच्या कर्त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. परंतु जुनें रूपक नव्या मुलांच्या हातीं देतांना त्यांतलें काय बदलावें आणि काय बदलूं नये, हा तिनें उभा केलेला प्रश्न एकट्या कर्त्याचा नाहीं. म्हणून त्याच्याच अनुमतीनें आम्ही ही चर्चा वाचकांपुढें ठेवीत आहों.

बन्यन हा बेडफर्डजवळच्या खेड्यांत १६२८ सालीं जन्मलेला, भांडीं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. स्वतःहि तोच धंदा करी. परवान्यावांचून धर्मोपदेश केला म्हणून १६६० ते १६७२ अशीं बारा वर्षें तो तुरुंगांत होता. १६७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथेचा नायक पाठीवर ओझें घेऊन नाशनगरींतून निघतो. वाटेंत विषादाची दलदल, पोकळ दिमाखाची जत्रा, संशयाचा किल्ला हें सारें ओलांडून, शेवटीं एक नदी उतरून दिव्यनगरींत पोंचतो. पंडितांनीं प्रथम ह्या पुस्तकाकडे पाठ फिरविली, परंतु साध्या घरांतून तें बायबलाच्या शेजारीं जाऊन बसलें.

मराठीशीं त्याचा संबंध फार जुना आहे. हरि केशवजी यांनीं केलेलें त्याचें भाषांतर 'यात्रिक-क्रमण' १८४१ सालीं निघालें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' त्यानंतर सोळा वर्षांनीं, १८५७ सालीं. आमच्या कथात्मक गद्याच्या पहिल्या पानांवर अशीं दोन चालण्याचीं नांवें आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशननें नगरप्रमाणें शिरूरलाहि आपलें ठाणें केलें होतें. ज्या मुलांसाठीं ही वही लिहिली त्यांच्या पणजोबांना यात्रिकाची ही वाट परकी वाटली नसेल. पण पणतवंडांना त्या काळची भाषा उमजत नाहीं, आणि मूळ ग्रंथांतील लांबलांब धर्मसंवाद तर मोठ्यांनाहि पेलत नाहींत. तेव्हां पुनर्लेखन नको, असें म्हणणाऱ्यांतले आम्ही नाहीं. इंग्रजींतहि मेरी गॉडॉल्फिन ह्या नांवानें १८६९ सालीं केवळ एकावयवी शब्दांत लिहिलेली बालआवृत्ति निघालीच होती.

वहीचे गुण आधीं सांगूं. कर्त्यानें पात्रांचीं नांवें चालत्या मराठींतून घेतलीं आहेत. नायकाबरोबर दोन पावलें येऊन चिखल लागतांच परतणाऱ्या सोबत्याला त्यानें 'होयबा' म्हटलें आहे. सोप्या वाटेचा सल्ला देणाऱ्या गृहस्थाला 'व्यवहारपंत'. हीं नांवें ऐकतांच मुलांना आपल्याच आळींतलीं माणसें दिसतात. रूपक हें मराठी कानाला नवें नाहींच. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकांत अकराव्या शतकांतच विवेक आणि मोह हे राजे होऊन लढले. आणि एकनाथांच्या भारुडांत विंचवापासून जोश्यापर्यंत सारा गांव परमार्थ बोलूं लागला. कर्त्यानें हा वारसा ओळखला आहे.

पण ह्याच वारशानें एके ठिकाणीं त्याला चकविलें आहे. त्याचा नायक दौंडचा एक मुलगा असून त्याची वाट यवत, वरवंड आणि रोटीच्या घाटावरून जाते. म्हणजे तुकोबांच्या पालखीचीच ती वाट. चित्र सुंदर आहे, परंतु वारकरी हजारोंच्या मेळ्यांत चालतो, पंढरी पाहून घरीं परततो आणि पुढल्या वर्षीं पुन्हां निघतो. बन्यनचा यात्रिक एकटा निघतो, वाटेंत एखाददुसरा सोबती मिळाला तर मिळतो, आणि तो परत येत नाहीं. दोन्ही वाटा थोर आहेत, पण एकीवर दुसरीचा झेंडा लावल्यानें दोहोंपैकीं एकहि धड कळत नाहीं.

आतां मुख्य आक्षेप. मूळ कथेंत नायकाच्या पाठीवर पापाचें ओझें आहे. वहींत तें शाळेचें दप्तर झालें आहे. परीक्षा, शिकवणी, आईबापांच्या अपेक्षा आणि शेजाऱ्याच्या मुलाशीं तुलना, ह्या सर्वांनीं तें दप्तर जड होतें. आजच्या मुलांचें दुःख खरें आहे आणि कर्त्याचा कळवळाहि खरा आहे. परंतु दप्तर दुसऱ्यांनीं पाठीवर दिलेलें असतें. त्यांनीं मनांत आणलें तर तें उतरवितां येतें. बन्यनचें ओझें ज्याचें त्यानें केलेलें आहे, म्हणूनच तें कोणाला सांगून उतरत नाहीं. दप्तराची गोष्ट ऐकून मुलाला वाटतें, 'माझ्यावर अन्याय झाला.' बन्यन वाचून त्याला वाटावयास हवें, 'मीं हें केलें.' ह्या दोन वाक्यांत सबंध ग्रंथाचें अंतर आहे. तेरा वर्षांच्या मुलाला पाप कळत नाहीं, हें आम्हांस मान्य नाहीं. आपण कांच फोडली आणि मार मित्रानें खाल्ला, हें ज्यानें एकदां अनुभवलें त्याला ओझें म्हणजे काय हें समजावून देण्याची गरज नाहीं.

शिवाय तें ओझें गळतें केव्हां, हेंहि पाहण्यासारखें आहे. मूळांत तें वधस्तंभापाशीं, म्हणजे प्रवासाच्या बऱ्याच आरंभीं गळतें. खरीं संकटें पुढेंच आहेत. वहींत दप्तर शेवटीं बक्षिसासारखें उतरतें. क्षमा ही बन्यनला चालण्याची सुरुवात वाटते. आमच्या कर्त्यानें तिला मुक्कामाची मिठाई केली आहे.

दौंड हें मोठें रेल्वे-जंक्शन; पुणें, सोलापूर आणि मनमाड ह्या तिन्ही दिशांचे रूळ तेथें मिळतात. साहजिकच कर्त्यानें नायकाला कांहीं अंतर आगगाडींत बसविलें आहे. हें वाचतांना आम्हांस अमेरिकन लेखक हॉथॉर्न याची १८४३ सालची एक उपहासकथा आठवली. तींत दिव्यनगरीला जाण्यासाठीं चक्क रेल्वे झाली आहे. दलदलींत तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें टाकून भराव घातला आहे आणि प्रवाशांचीं ओझीं सामानाच्या डब्यांत ठेवण्याची सोय आहे. प्रवास मजेचा होतो. मात्र गाडी नेमकी दिव्यनगरींतच पोंचत नाहीं. मूळ ग्रंथाला आधुनिक करूं पाहणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट आधीं वाचावी. वाहन बदललें तर बिघडत नाहीं. पण ओझें कोणी निराळ्या डब्यांत ठेवूं लागला कीं सावध व्हावें.

जत्रेच्या प्रकरणाचेंहि असेंच झालें आहे. वहींत पुण्याचा एक झगमगता मॉल आहे, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नाचणाऱ्या जाहिराती आहेत. नायक कांहीं विकत घेत नाहीं, लोक हंसतात, तो पुढें जातो. बन्यनच्या जत्रेंत मात्र न घेणाऱ्यावर खटला भरतात आणि नायकाचा सोबती तेथें प्राणाला मुकतो. स्वतः बारा वर्षें कोठडींत काढलेल्या माणसानें तें प्रकरण लिहिलें आहे. आजच्या मुलासाठीं तें लिहावयाचें तर जिन्नस कोणते हें दुय्यम. नकार दिल्यास शिक्षा कोणती, हें आधीं ठरविलें पाहिजे. चौघांच्या टोळींत राहण्यासाठीं पांचव्याची टवाळी करावी लागते, आणि न केल्यास आपणच पांचवे होतों, ही शिक्षा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे.

आम्ही एवढें बोलून दाखविलें तेव्हां विद्यार्थी म्हणाला, "एकदां मुलांपुढें वाचून पाहूं." म्हणून एका रविवारीं आम्ही शिरूरला गेलों. पंधरा-सोळा मुलें होतीं. कांहीं ख्रिस्ती, कांहीं त्यांचे हिंदु आणि मुसलमान मित्र. मूळांत बायकामुलें रडून हांका मारीत असतां नायक कानांत बोटें घालून पळत सुटतो. हा प्रसंग फार कठोर वाटल्यानें कर्त्यानें आपल्या नायकाला आईकडून हंसतमुखानें डबा बांधवून दिला आहे. तेवढें वाचून होतांच एका मुलीनें विचारलें, "आईनेंच जा म्हटलें, तर मग अवघड काय होतें?"

आम्हां दोघांनाहि उत्तर सुचेना. मऊ केलेली जागा तिनें बोटानें दाबून दाखविली होती. घर सोडणें ही ह्या ग्रंथांतली सर्वांत दुखरी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्राला ती केवळ पुस्तकांतून ठाऊक नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाईंची काय दशा झाली, हें १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें'मध्यें त्यांनींच सांगितलें आहे. पुढें कांहीं वर्षांनीं त्याहि, कोणाच्या ओढण्यानें नव्हे तर स्वतः विचार करून, त्याच वाटेला लागल्या. बन्यनलाहि मागें राहिलेल्या बायकोचा विसर पडला नव्हता. १६८४ सालच्या दुसऱ्या भागांत तीच मुलांना घेऊन निघते. मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे तें तेथें. पण आधीं आईचें रडणें ऐकवल्यावांचून तें उत्तर देतां येत नाहीं.

वहीच्या शेवटीं नदी नव्हती. "मुलें भितील," असें कर्त्यानें आम्हांस आधीं सांगितलें होतें. दिव्यनगरीचे दिवे दिसले आणि गोष्ट संपली. तेव्हां मागें बसलेला एक थोराड मुलगा म्हणाला, "तिथें जायचं म्हणजे मरायचंच ना, सर? मग तें सांगितलं कां नाहीं?"

हीं भीमा-घोडच्या कांठचीं मुलें. पूर आणि चिता दोन्ही त्यांनीं पाहिलेल्या आहेत. दौंड तालुक्यांतील शिरापुराहून सिद्धटेकला जावयाचें तर पूर्वीं भीमा नावेनें उतरावी लागे. आतां पूल झाला, हें चांगलेंच झालें. बन्यनच्या नदीवर मात्र पूल नाहीं. तिचें पाणी उतरणाऱ्याच्या विश्वासाप्रमाणें खोल किंवा उथळ होतें. इतका प्रवास केलेला नायकसुद्धां तींत गटांगळ्या खातो, आणि सोबती त्याचें डोकें पाण्यावर धरून ठेवतो. उलट, नावेंत बसून आरामांत पैलतीरीं गेलेला अज्ञान नांवाचा तरुण दारावरून परत फिरविला जातो. भीति लपवून मुलांना धीर येत नाहीं. भीति वाटत असतां डोकें वर धरणारा कोणी असतो, हें दाखविल्यानें येतो.

आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि बन्यनचे सर्व सिद्धान्त आम्हांस पटतात असेंहि नाहीं. त्या अज्ञानाची शेवटची गति वाचतांना आमचें मन अजूनहि बंड करतें. परंतु न पटणारा भाग गाळून दुसऱ्याचा ग्रंथ आपल्यासारखा करणें हें त्याला समजून घेणें नव्हे. भाषा बदलावी, संवाद छाटावे, गांवें दौंडचीं आणि शिरूरचीं खुशाल असावीं. मात्र ओझें ज्याचें त्याचें असावें, आईचें रडणें ऐकूं यावें आणि नदी असावी. विद्यार्थ्यानें वही परत नेली आहे. परवां त्याचें पत्र आलें: नदीचें प्रकरण लिहून झालें, आईच्या प्रकरणापाशीं तो अडला आहे. तेथें अडणें हें आम्हांस शुभचिन्ह वाटतें.