खाणीतले पाणी आणि पडद्यावरचा खलनायक

खऱ्या अपघातावर चित्रपट रचणाऱ्या दिग्दर्शकापुढे एक अडचण दत्त म्हणून उभी राहते : शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. मग उत्कंठा आणावी कोठून? हिंदी चित्रपटाने याचे एक सोपे उत्तर शोधून ठेवले आहे : खलनायक उभा करावा. आमचा आक्षेप नेमका या उत्तराला आहे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंजच्या महावीर कोळसाखाणीत पाणी घुसले. ७१ कामगार खाली अडकले. त्यांपैकी ६ मृत्युमुखी पडले. अभियंते जसवंतसिंग गिल यांनी जमिनीला भोक पाडून माणूस जेमतेम उभा राहील एवढा पोलादी पिंजरा खाली सोडण्याची योजना आखली. ते स्वतः त्यातून खाली उतरले आणि उरलेल्या ६५ जणांना एकेक करून वर पाठविले. १९९१ साली त्यांना सर्वोत्तम जीवनरक्षा पदक मिळाले. टिनू सुरेश देसाई यांचा ‘मिशन रानीगंज’ (२०२३) हा चित्रपट याच घटनेवर आधारलेला आहे.

विषय असा, की त्याला अलंकारांची गरज नाही. तरीही चित्रपटात नायकाच्या वाटेत काटे पेरणारा एक मत्सरी सहकारी येतो, आणि पाण्याशी चाललेली झुंज बघता बघता कचेरीतल्या कपटाशी चाललेली झुंज होते. परप्रांती सरकारी सेवेत हयात घालविणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको, की संकटाच्या घटकेला कचेरीत दुष्टपणा थोडा आणि भीती फार असते. पिंजरा भोकात मध्येच अडकला तर? भोक नेमक्या जागी न उतरले तर? कागदावर सही कोणाची राहील? असे विचारणारा अधिकारी खल नव्हे. त्याच्या शंका रास्तच असतात. दुष्टावर मात करणे नायकाला सोपे आहे. रास्त शंका ऐकून घेऊन, त्यांचे ओझे स्वतःच्या शिरावर घेऊन पिंजऱ्यात पाऊल टाकणे हे खरे धैर्य. खलनायक आणून चित्रपटाने गिल यांचे हेच धैर्य उणे केले आहे.

यश चोप्रा यांच्या ‘काला पत्थर’ (१९७९) या चित्रपटात याच युक्तीने अधिक मोठी हानी केली. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. चित्रपटाला प्रेरणा त्या दुर्घटनेची. पण पडद्यावर दोषी ठरतो तो एक लोभी खाजगी मालक. प्रत्यक्षातली चासनाला मात्र ज्या कंपनीची होती, तिचे व्यवस्थापन १९७२ पासूनच शासनाच्या हाती होते. मालकाला शिव्याशाप देऊन प्रेक्षक समाधानाने घरी जातो. जाब ज्याला विचारावयाचा, तो पडद्यावर येतच नाही.

याहून वेगळी वाट ऑस्ट्रियन दिग्दर्शक पाब्स्ट यांनी १९३१ सालीच दाखविली होती. फ्रान्समधील कुरिएर येथे १९०६ साली झालेल्या, हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या स्फोटाची घटना त्यांनी ‘कामराडशाफ्ट’मध्ये महायुद्धानंतरच्या जर्मन-फ्रेंच सरहद्दीवर आणली. जर्मन कामगार फ्रेंच बांधवांच्या साहाय्याला धावतात. दोघेही आपापल्या भाषेत बोलतात. येथे कोणीच खल नाही. अडसर आहे तो जमिनीखालच्या सरहद्दीच्या लोखंडी गजांचा. माणसे ते तोडतात, आणि सुटका झाल्यावर ते गज पुन्हा बसविले जातात. या एका दृश्यात व्यवस्थेवर जेवढा प्रहार आहे, तेवढा दहा खलनायकांच्या पारिपत्यात नाही.

चित्रपटाने इतिहासाची नक्कल करावी असे आमचे म्हणणे नाही. पाब्स्ट यांनी तर काळ आणि स्थळ दोन्ही बदलले. बदल सत्याकडे नेतो की सत्यापासून दूर, एवढेच आम्ही पाहतो. राणीगंजला ६५ वाचले याचा आनंद साजरा व्हावाच. परंतु जे ६ वर आले नाहीत, त्यांचा जाब कोण्या मत्सरी माणसाच्या फजितीने मिटत नाही. पाणी आत आले कसे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात ठेवून जो चित्रपट संपेल, तोच त्या सहांचाही चित्रपट होईल.