दगड काय मागतो, आणि ते कुणाला ऐकू येतं?

क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातली कोरडी बाग आपण निदान चित्रात तरी पाहिलेली असते. साधारण अडीचशे चौरस मीटर जागा, पांढरी खडी आणि तीत पाच पुंजक्यांनी बसवलेले 15 दगड. ओसरीवर कुठेही बसा, एखादा दगड नजरेआड राहतोच. मग अर्थ लावणं सुरू होतं. कुणाला समुद्रातली बेटं दिसतात, कुणाला नदी ओलांडणारी वाघीण नि बछडे. न दिसणारा पंधरावा दगड म्हणजे तर साक्षात आत्मज्ञान!

हे अर्थ खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार एवढीच, की दगडाकडे नीट बघायच्या आधीच ते तयार असतात.

आता परंपरा स्वतः काय सांगते ते बघा. 11व्या शतकातला मानला जाणारा ‘साकुतेइकी’ हा उद्यानरचनेवरचा ग्रंथ दगड उभे करण्याच्या गोष्टीनेच सुरू होतो. बाग करणं म्हणजेच दगड बसवणं. बाग तयार झाल्यावर शोभेसाठी दगड आणून ठेवायचा, हा विचार तिथे नाही. आधी मुख्य दगड बसवा, मग तो काय मागतो ते ओळखून बाकीचे बसवा, असं हा ग्रंथ सांगतो. मुळात आडवा असलेला दगड उभा करणं त्यात निषिद्ध आहे.

पण दगडाचं हे मागणं ऐकू कुणाला येतं? ओसरीवर बसलेल्याला नव्हे. कोणती बाजू पुढे, किती भाग मातीत, हे दगड हलवणाऱ्या हातांना कळतं.

ते हात बहुतेकदा ‘कावारामोनो’ लोकांचे होते. कावारामोनो म्हणजे नदीकाठची माणसं. जनावरांची कातडी सोलण्याच्या कामामुळे समाज त्यांना अपवित्र मानी. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांच्यातल्याच झेन्आमीला शोगुन आशिकागा योशिमासाने मानाने वागवलं. र्योआन-जीच्या एका दगडाच्या मागच्या बाजूला दोन नावं कोरलेली आहेत. त्यातलं ‘कोतारो’ वाचता येतं, दुसरं पुरतं लागत नाही. ती कावारामोनोंची असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात.

बागेचा कर्ता कोण, हा वाद मिटलेला नाही. नावं मात्र दगडावर आहेत, ओसरीवरून दिसणार नाहीत अशा जागी. शून्यतेची चर्चा करताना आपण ही नावं सहज ओलांडून जातो, आणि तिथेच आपली समीक्षा अपुरी पडते. पंधराव्या दगडाचं गूढ राहू द्या. तो कुणी आणि कसा बसवला, हे आपण आधी विचारू.