भुताला ओळखपत्र कशाला?

जानेवारी २०१९. यवतमाळला साहित्य संमेलन भरलं होतं. पुस्तकांच्या स्टॉलवर मी नारायण धारपांचं एक पुस्तक उचललं, तर शेजारचे काका हसून म्हणाले, "अजून भुताखेतांचंच? काहीतरी चांगलं वाच गं." मी पुस्तक घेतलं खरं, पण कुणाला दिसू नये म्हणून पिशवीत तळाशी ठेवलं. त्याची लाज अजून वाटते.

तीनच महिन्यांपूर्वी 'तुंबाड' येऊन गेला होता. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज आपल्या विदर्भातच मिळालं. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट सांगितली होती. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं. नाव मानाच्या कपाटातलं, भीती लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकातली!

सिनेमाचं कौतुक कसं झालं? 'ही नुसती भयकथा नाही, लोभाचं रूपक आहे.' मला हे कौतुक काकांच्या टोमण्याइतकंच खटकतं. भुताला घरात घ्यायचं, पण आधी त्याच्या गळ्यात 'आशय' नावाचं ओळखपत्र अडकवायचं.

त्यातला मला सगळ्यात जास्त घाबरवणारा भाग सुरुवातीचा आहे. लहान विनायक घरात एकटा आणि सोबत साखळीने बांधलेली म्हातारी. हा भाग धारपांच्या 'आजी' कथेवरून सुचलेला, आणि ती कथा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून. धारपांची 'लुचाई'सुद्धा किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. उसनं म्हणून नाकं मुरडता येतील. पण भीती नुसत्या भाषांतराने येत नाही, तिला आपल्या घरात जागा करून द्यावी लागते. धारप ते करतात. साधं घर, साधी माणसं, हिशोबाच्या वहीसारखी कोरडी भाषा, आणि मग एकच गोष्ट जागेवरून हललेली.

आमच्या दारव्ह्याच्या घरी लोडशेडिंगमध्ये मी आजारी आजीजवळ एकटी बसायची. तिचा श्वास मधेच थांबायचा, मी आकडे मोजायची. तिच्यावर माझा जीव होता आणि मला तिची भीतीही वाटायची. हे कुणाला सांगणार? शाळेच्या पुस्तकातल्या आज्या गोधडीसारख्या ऊबदार. 'आजी' वाचली तेव्हा वाटलं, हे आणखी कुणालातरी माहीत आहे.

मग मीही आशयच काढतेय का? नाही. आधी मी घाबरले, पाय पांघरुणात ओढून घेतले, मजा आली. बाकीचं नंतर सुचलं. घाबरले नसते तर तेही सुचलं नसतं.

म्हणून धारपांचं सगळंच गोड मानायचं असंही नाही. त्यांच्या 'समर्थ' कथांमध्ये समर्थ आले की सुटका होणार हे कळतं आणि पोटातली गाठ सैल होते. रत्नाकर मतकरी वाचकाला इतक्या सहज सोडत नाहीत. तक्रार करायची तर अशी करा. भीती कुठे ढिली पडली, शेवट कुठे आधीच कळला, ते विचारा.

'यातून काय शिकलीस?' हा प्रश्न आपण विनोदाला विचारत नाही. हसू आलं की पुरतं. मग रात्री दोन वाजता बाथरूमला जायची हिंमत होत नसेल, तर लेखकाने आणखी काय करायला हवं होतं?