तात्या विंचूचें दुसरें येणें

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी यांच्यामध्यें जी उंच इमारतींची नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथील एका चित्रगृहांत २०१३ च्या जून महिन्यांत आम्ही आपल्या भाच्यास घेऊन 'झपाटलेला २' पाहण्यास गेलों होतों. अर्ध्या तासानें चिरंजीवांनीं डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला व सर्व लक्ष लाह्यांच्या पुड्याकडे वळविलें. वीस वर्षांपूर्वीं पहिला 'झपाटलेला' पाहून आलों त्या रात्रीं आम्हीं मात्र घरांतील बाहुली कपाटांत कोंडून वर कडी घातली होती. दिग्दर्शक एकच, बाहुलाही एकच. मग एका चित्रपटानें मूल घाबरावें व दुसऱ्यानें कंटाळावें, असें कां? गेल्या महिन्यांत दोन्ही चित्रपट घरीं ओळीनें पाहण्याचा योग आला तेव्हां या कोड्याचा थोडासा उलगडा झाला.

महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'ची मूळ कल्पना स्वतंत्र नव्हे. मरणोन्मुख गुन्हेगाराचा जीव बाहुल्यांत शिरतो, ही युक्ति १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटांतली. परंतु उसनी आणलेली वस्तु आपल्या घरांत कोठें मांडावी हें ज्यास कळलें, त्याला उसनवारीबद्दल फारसें बोल लावण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत तो बाहुला एका लहान मुलाच्या हातीं पडतो. कोठारे यांनीं तो एका शब्दभ्रमकाराच्या हातीं दिला. सारी खुबी या फेरफारांत आहे. बाहुल्यांना बोलकें करणें हाच ज्याचा धंदा, तो लक्ष्या 'अहो, हा बाहुला आपण होऊन बोलतो' असें कितीही ओरडून सांगूं लागला तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याची कला हीच त्याच्या गळ्यांतली धोंड होऊन बसते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनीं ही कुचंबणा अशा कांहीं निष्पाप घाबरेपणानें रंगविली आहे कीं, आपण त्यांस हसत असतांनाच त्यांची भीति आपल्याला लागते. आणि बाहुला तरी कसा! तो घडविला रामदास पाध्ये यांनीं. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हेही याच कलेंतले, आणि त्या घरचा अर्धवटराव कोणत्या मराठी कुटुंबास ठाऊक नाहीं? त्यांत दिलीप प्रभावळकर यांचा तो खरखरीत, दटावणारा आवाज मिसळला. मनुष्याच्या हातानें हलणाऱ्या बाहुल्याच्या हालचालींत जो किंचित् अडखळा असतो, तोच पाहणाऱ्याच्या मनांत घर करतो.

दुसऱ्या भागांत प्रभावळकरांचा आवाज आहे, बाहुला आहे, मंत्रही आहे. नवें काय, तर त्रिमिति. खरें पाहतां तीही नवी नव्हे; मल्याळम भाषेंत 'माय डियर कुट्टिचातन'नें १९८४ सालींच तो खेळ करून दाखविला होता. असो. चष्मा लावला कीं वस्तु प्रेक्षकांच्या अंगावर धांवून येतात, प्रेक्षक एकदां दचकतात, दुसऱ्यांदा हसतात व तिसऱ्यांदा मान बाजूला करण्याचेही कष्ट घेत नाहींत. पहिल्या चित्रपटांत भय अंगावर येत नव्हतें; तें फळीवर स्वस्थ बसून आपल्याकडे पाहत होतें. शिवाय आतां तात्या विंचू हा भयंकर राहिलेला नाहीं, तो लाडका झाला आहे. पडद्यावर त्याचें दर्शन होतांच चित्रगृहांत टाळ्या पडल्या. ज्याचें स्वागत टाळ्यांनीं होतें त्या राक्षसाला कोण भिणार? हा लौकिक मोडून त्याला पुन्हा परका व अनोळखी करणें हें दिग्दर्शकाचें पहिलें काम होतें. येथें तर त्या लौकिकावरच सारी भिस्त ठेवलेली दिसते.

पण आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. बेर्डे २००४ च्या डिसेंबरांत निवर्तले. म्हणून कथा लक्ष्याच्या मुलावर आली व ती भूमिका दिग्दर्शकांचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनीं केली. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. तरुण नटानें नेमून दिलेलें काम नीटनेटकें केलें आहे. परंतु त्या दिवशीं चित्रगृहांत आलेल्या आईबापांपैकीं बहुतेकांच्या मनांत एकच उणीव होती, व ती कथेंतल्या मुलाच्या मनांतल्या उणिवेशीं अगदीं जुळणारी होती. लक्ष्या नाहीं! एवढें मोठें, खरें दुःख आयतें हातीं आलें असतां लेखकांनीं त्याच्यापाशीं घटकाभर थांबूं नये, गाण्यांच्या व धांवपळीच्या गर्दींत पुढें निघून जावें, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. बापाला छळणारा बाहुला मुलासमोर येतो, आणि बापाचा आवाज कसा होता हें मुलापेक्षां त्या बाहुल्यालाच अधिक ठाऊक असतें, अशा एका प्रसंगानें सर्व चित्रपट तरला असता.

परवां घरीं पाहतांना दहा वर्षांची धाकटी भाची आमच्याबरोबर होती. दुसरा भाग संपायच्या आधींच ती आमच्या मांडीवर झोंपी गेली. पहिला मात्र तिनें पापणी न लववितां पाहिला होता, आणि निजण्यापूर्वीं आपलें कापडी अस्वल उचलून, तोंड भिंतीकडे करून, दिवाणखान्यांत नेऊन ठेवलें होतें.