‘हॅरिसन बर्जेरॉन’ : समता, स्वातंत्र्य आणि संकेतार्थ

कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ ही लघुकथा ऑक्टोबर १९६१ मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ या मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९६८ साली ‘वेलकम टु द मंकी हाउस’ या संग्रहात समाविष्ट झाली. एवढ्याशा कथेवर ‘सक्तीची समता विरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्य’ हे सूत्र इतक्या वेळा बसविण्यात आले आहे, की कथा वाचण्यापूर्वीच तिचा निष्कर्ष वाचकास ठाऊक असतो. ते सूत्र निराधार नाही. परंतु कथेतील माणसे एकमेकांशी कशी बोलतात याकडे लक्ष दिले असता ते अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथेचा काळ इ. स. २०८१ हा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील २११, २१२ व २१३ या क्रमांकांच्या दुरुस्त्यांनी सर्व माणसे सर्वार्थांनी समान झालेली आहेत. ही समता टिकविण्याचे काम डायना मून ग्लॅम्पर्स या ‘हँडिकॅपर जनरल’कडे आहे. बलवानांच्या अंगावर वजने, सुंदर चेहऱ्यांवर मुखवटे आणि बुद्धिमंतांच्या कानात एक छोटा रेडिओ अशी तिची व्यवस्था आहे. हा रेडिओ दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज काढून विचारांची साखळी तोडतो. जॉर्ज आणि हेझेल हे दांपत्य दूरचित्रवाणीवर नृत्य पाहत बसले आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळून थेट त्या स्टुडिओत येतो, स्वतःस सम्राट म्हणून घोषित करतो, एका नर्तिकेसह छतापर्यंत झेपावतो आणि ग्लॅम्पर्सच्या बंदुकीने मारला जातो. आई हे सारे पाहते, आणि विसरते.

प्रथम ‘हँडिकॅप’ या शब्दाचा विचार करू. मराठीत हा शब्द रूढ झाला तो शारीरिक व्यंगाच्या अर्थाने. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांचे जाणेयेणे असते, त्यांना मात्र त्याचा दुसरा अर्थ ठाऊक असतो : अधिक चांगल्या घोड्यावर अधिक वजन चढवावयाचे, म्हणजे सगळ्यांची जिंकण्याची संधी सारखी होते. ही वजने ठरविणारा तो हँडिकॅपर. व्हॉनेगटने शर्यतीतील हे पद उचलून राज्ययंत्रणेत बसविले आणि रूपकाचा वाच्यार्थ केला. जॉर्जच्या गळ्यात कुलूप लावून अडकविलेली सत्तेचाळीस पौंड छऱ्यांची पिशवी ही घोड्याच्या खोगिरातील वजनाचीच बहीण होय. मराठी अनुवादकाने येथे ‘अपंगत्व’ हा शब्द योजला, तर कथेचा कणाच मोडेल.

शर्यतीची ही प्रतिमा आपल्याला अन्य एका ग्रंथातून परिचित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये, माणसे आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तिन्ही बाबतींत असमान असतात, हे समतेच्या विरोधकांचे म्हणणे मान्य केले आहे. आणि तरीही समाजाला आपल्या घटकांकडून अधिकात अधिक कार्य करवून घ्यावयाचे असेल, तर शर्यतीच्या आरंभी त्यांना शक्य तितके समान केले पाहिजे, असे प्रतिपादिले आहे. ग्लॅम्पर्सची व्यवस्था नेमकी याच्या उलट आहे. ती शेवटच्या रेषेवर सर्वांना एकत्र आणू पाहते, आणि त्यासाठी धावणेच बंद पाडते. या दोन समतांना एकाच नावाने संबोधून एकीवरील उपहास दुसरीवर लादणे हा वाङ्मयीन प्रमाद तर आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. कॅन्सस राज्यातील शाळांच्या निधीवाटपाच्या खटल्यात २००५ साली समान निधीच्या विरोधकांच्या वकिलांनी ही कथा न्यायालयापुढे दाखला म्हणून ठेवली, तेव्हा स्वतः व्हॉनेगटने त्यांनी लावलेल्या अर्थाशी असहमती दर्शविली : कथा बुद्धी आणि कर्तबगारी यांविषयी आहे, आणि श्रीमंती हा त्यांपैकी कशाचाही पुरावा नव्हे.

लेखकाचे मत हा अर्थनिर्णयातील अखेरचा शब्द नसतो, हे मान्य. म्हणून संहितेकडेच वळू.

आपल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मूळ कथा इंग्रजी असली, तरी तिच्यातील संवाद या चौकटीत मांडून पाहण्यासारखे आहेत. निवेदन आरंभापासून अखेरपर्यंत थंड स्वार्थात चालते. कोणतीही टिप्पणी नाही, उसासा नाही. हॅरिसन प्रवेश करतो तो आज्ञार्थ घेऊन. सर्वांनी आपले ऐकलेच पाहिजे, अशी त्याची पहिली घोषणा. वादकांना तो खुर्च्यांवरून उचलतो, हातातील छड्यांप्रमाणे हलवितो आणि चांगले वाजविल्यास सरदारक्या देण्याचे आमिष दाखवितो. काही क्षणांनी ग्लॅम्पर्स येते आणि त्याच वादकांवर बंदूक रोखून दहा सेकंदांत वजने पुन्हा चढविण्यास फर्मावते. श्रोते तेच, क्रियापदाचा अर्थही तोच. बोलणारा तेवढा बदलला. ज्याला आपण स्वातंत्र्याचा नायक समजतो, त्याच्या तोंडी स्वातंत्र्याची भाषा नाही, सम्राटाची आहे. छतापर्यंतचे ते नृत्य मोहक आहे हे खरे, आणि तेथे क्षणभर निवेदनाचाही तोल जातो. पण ते नृत्य शब्दहीन आहे, हेही विसरता कामा नये.

मग स्वातंत्र्य या कथेत आहे तरी कोठे? माझ्या मते ते कोचावर बसलेल्या त्या दोघांच्या गप्पांत आहे. हेझेलची बुद्धी सरासरीची असल्यामुळे तिच्यावर कोणतेही ओझे नाही. ती सहज म्हणून जाते की, मी हँडिकॅपर जनरल असते तर रविवारी नुसत्या घंटा वाजविल्या असत्या, धर्माला मान म्हणून. त्यावर जॉर्ज उत्तरतो की, नुसत्या घंटा असत्या तर मला विचार करता आला असता. पुढे ती त्याला पिशवीतून थोडे छरे काढून टाकावयास सुचविते. तो प्रत्येक छऱ्यामागे दोन वर्षे कैद आणि दोन हजार डॉलर दंडाची आठवण देतो, आणि मग विचारतो की, लोक कायद्यांना असा चकवा देऊ लागले तर समाजाचे काय होईल. हे सारे संकेतार्थात चालले आहे. जे नाही ते असते तर काय झाले असते, एवढा विचार करता येणे, हीच या दोघांच्या हाती उरलेली मोकळीक. आणि कानातील रेडिओ तिच्यावरच घाव घालतो. ‘तर’च्या पुढे काय, हे सांगण्याची वेळ आली की भोंगा वाजतो आणि प्रश्न कोणी विचारला होता हेच जॉर्जला आठवत नाही. पिशवीच्या ओझ्याने माणूस थकेल. अपुऱ्या राहिलेल्या संकेतवाक्याने तो आज्ञाधारक होतो.

जेरोम के. जेरोमने १८९१ मध्ये ‘द न्यू युटोपिया’ या कथेत अतिबलवानांचे हातपाय तोडणारे आणि बुद्धिमंतांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे समतावादी राज्य रंगविले होते. ती थट्टा सरळ, आणि थोडी खडबडीत आहे. तोडलेला हात परत येत नाही. पिशवी मात्र काढता येते. ‘द सायरन्स ऑफ टायटन’ (१९५९) या कादंबरीत व्हॉनेगटची माणसे तर श्रद्धेने, स्वेच्छेने अशी ओझी वाहतात. जॉर्ज या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्याला कायद्याचे भय आहे आणि कायदा पटलेलाही आहे. त्यांपैकी कोणते आधी, हे ठरविण्याइतका अवधी त्याला मिळत नाही.

कथेच्या शेवटाबद्दल अनुवादाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुलगा मारला गेल्यावर हेझेल रडत असते, पण का, हे तिला सांगता येत नाही. पुन्हा कानठळ्या बसविणारा आवाज होतो. आवाज भयंकर होता असे ती म्हणते आणि जॉर्ज इंग्रजीतील एका नित्याच्या वाक्प्रचाराने तिला दुजोरा देतो. त्याचा शब्दशः अर्थ, हे तू पुन्हा म्हणू शकतेस, असा आहे. हेझेल खरोखरच तेच वाक्य पुन्हा म्हणते. मराठीत येथे ‘अगदी खरं’ असे घातले तर पुनरुक्तीला कारण उरत नाही. आणि ‘पुन्हा म्हण’ असे घातले तर ती जॉर्जची आज्ञा होते. अनुवादकाने येथे आज्ञार्थ शिरू देऊ नये. ‘शंभरदा सांग’ हा बोलीतला पर्याय त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, परंतु तोही रूपाने आज्ञार्थीच आहे.