बहुरंगी नमनातले खेळे

संगमेश्वर तालुक्यात नमनाला, कोकणातल्या या लोकनाट्याला, माणसं येत नाहीत, असं ज्याला वाटतं त्याने शिमग्याच्या दिवसांत एखाद्या वाडीवर रात्र काढावी. पहाटेपर्यंत मांडव हलत नाही. माखजन, आरवली, फुणगूस, देवरूख, जिथे जावं तिथे मंडळं आहेत. चाकरमानी वर्गणी काढून मुंबईतही प्रयोग लावतात. नमन टिकलं आहे. पण त्यातले खेळे, म्हणजे मृदंगावर नाचणारे कलाकार, कडेला पडत चालले आहेत, आणि मला काळजी वाटते ती याची.

नमन मुळात देवाचं काम. शिमग्यात खेळे गावोगाव फिरतात, देवळापुढे, सहाणेवर, अंगणात उभे राहतात. पायघोळ झगे, कमरेला शेला, डोक्याला पागोटं. साथीला मृदंग आणि झांजा. आधी देवदेवतांना, ग्रामदेवतेला नमन. मग गण, मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि पुरुषाने साडी नेसून उभी केलेली मावशी. पुढे सोंगं आणि शेवटी वग.

सोंगांत माझं मन अडकतं ते संकासुरापाशी. काळा पोशाख, तोंडावर काळं कापड, उंच टोकदार टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पुराणात हा वेद पळवणारा असुर; कोकणात त्याला नवस बोलतात. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. चेहरा झाकलेला, त्यामुळे सगळा अभिनय पायांत आणि कमरेत. मृदंगाची थाप फिरली की घुंगरं त्याच क्षणी फिरली पाहिजेत. आज कित्येक प्रयोगांत संकासुर येतो, चार उड्या मारतो, फोटो काढून घेतो आणि जातो.

जाहिरातीत ‘स्त्रीपात्रांनी नटलेलं बहुरंगी नमन’ असं छापतात. रंग आले ते वगाच्या बाजूने. ऐतिहासिक वग, ट्रिक सीन, दिव्यांची रोषणाई, सिनेमाच्या चालीवरची गाणी. नमन-गण उरकून घेतले जातात, कारण वगाला उशीर होतो. मावशीचंही तेच. पूर्वी ती गावातली पाणंद, रखडलेला रस्ता, पुढारी यांची संगमेश्वरी बोलीत हजेरी घेई. ती हजेरी त्या गावापुरती असे; लिहिलेली नसे, तिथल्या तिथे सुचलेली असे. आता टीव्हीवरचे विनोद पाठ करून येतात, आणि मुंबई–गोवा महामार्गासारखा विषय अंगणापुढून जात असताना कुणाला दिसत नाही!

नवं वाद्य आलं म्हणून मी रडत नाही. सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाकडे बघा. इमझाद हे त्यांचं एका तारेचं वाद्य फक्त बायका वाजवतात. युनेस्कोने 2013 मध्ये ते वारशाच्या यादीत घेतलं. त्याच समाजातल्या तिनारिवेन या वाद्यवृंदाने इलेक्ट्रिक गिटार उचलली आणि 2012 मध्ये ग्रॅमी मिळवलं. गिटार बाहेरची, पण भाषा, लय आणि निर्वासितपणाचं दुःख त्यांचं स्वतःचं. आपल्याकडे ऑक्टोपॅड आला तो मृदंगाला उठवून त्याच्या जागी बसला, आणि पाठोपाठ बोलीही गेली.

तळकोकणातल्या दशावतार या लोकनाट्याचं नशीब थोडं बरं. 1980 साली ‘वस्त्रहरण’ या नाटकाने त्याच्या मुलखातल्या मालवणी बोलीला व्यावसायिक रंगमंचावर नेलं, 2025 मध्ये ‘दशावतार’ नावाचा चित्रपटही आला. ‘कोकणचा साज, संगमेश्वरी बाज’ या कार्यक्रमाने संगमेश्वरी बोली शहरी प्रेक्षकापुढे नेली, हे मोठंच काम. पण नमनावर लिहिणारा समीक्षक कुठे आहे? प्रयोग होतो, हारतुरे होतात, सत्कार होतात. मृदंग कसा वाजला यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 पासूनचं, कोकणी लोककलांचा हक्काचा मंच. 2023च्या अखेरीस तेही पुनर्विकासासाठी बंद झालं. बाकीच्या नाट्यगृहांचं भाडं परवडत नाही, म्हणून प्रयोग आटोपशीर करतात. कात्री पुन्हा खेळ्यांवरच चालते.

बायका रंगमंचावर आल्या, हा मात्र निखळ फायदा आहे. राधा आणि गवळणी आता त्याच करतात, आणि चांगल्या करतात. पण त्यांच्या कमरेला मृदंग कुणी बांधत नाही. तो बांधावा, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या मृदंग्यासमोर त्यांना बसवावं. वगाची संहिता छापून मिळते. मृदंगाचे हात त्याच्याकडूनच घ्यावे लागतात.